आधी जेव, मग बोल

गेल्या नाताळनंतरच्या रविवारी, पवित्र कुटुंबाच्या सणाला, आमच्या धर्मग्रामात कुटुंब-मेळावा झाला. व्याख्याते चांगले होते आणि तळमळीने बोलले. घराघरांतील संवाद का आटला, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर एका शब्दाचे होते : मोबाईल. मंडपातील साऱ्या माना एकसाथ डोलल्या. शेवटी असे ठरले, की प्रत्येक घरी रात्रीच्या जेवणाच्या वेळी एक टोपली ठेवावी, सर्वांनी आपापले मोबाईल तीत टाकावेत आणि मगच जेवायला बसावे. टाळ्या झाल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ टाळ्या वाजवून झाल्यावर खिशातून मोबाईल काढून क्रिकेटचा स्कोअर पाहू लागले. ही गोष्ट केवळ गंमत म्हणून नोंदवतो, त्यांना दोष देण्यासाठी नव्हे.

टोपली आमच्याही घरी आली. सूनबाईने हौसेने आणली, वर एक विणलेला रुमालही घातला. पहिल्या रात्री चार मोबाईल टोपलीत गेले, आम्ही क्रुसाची खूण केली, अन्नावर आशीर्वाद मागितला आणि जेवायला बसलो. मी, माझी पत्नी, मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू. मग जे घडले ते असे : काहीच घडले नाही. भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येत होता. कालवणात मीठ कमी आहे असे मी म्हणालो. मीठ आले. पाचएक मिनिटांनी मुलाने नातीला विचारले, "युनिट टेस्टचा पेपर मिळाला का?" "मिळाला." "किती?" "अठरा." "वीसपैकी ना? मग दोन कुठे गेले?" ती ताटात बघत राहिली. नातू मध्येच काहीतरी सांगू लागला, कुठल्याशा मांजराविषयी होते. त्याला त्याची आई, तिची सासू आणि मी, अशा तिघांनीही एकाच वेळी सांगितले, "आधी जेव, मग बोल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ते वाक्य माझे होते. माझ्या आधी माझ्या वडिलांचे होते, आणि त्यांच्याही आधी आजोबांचे असणार. आम्ही सहाजणांनी मिळून मोबाईल टोपलीत ठेवले होते, आणि टोपली रिकामी असती तरी आम्ही एकमेकांशी बोललो नसतो. मोबाईलने आमचा संवाद चोरला हे खरे नाही. चोर घरात शिरला तेव्हा तिजोरी आधीच रिकामी होती.

हे मी जाहीरपणे लिहितो आहे, कारण मोबाईलला शिव्या देणे आता आपल्या समाजात एक स्वस्त पुण्यकर्म झाले आहे. व्यासपीठावरून ते बोलले जाते, लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकांत बोलले जाते, आणि बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही घरी जाऊन काही बदलावे लागत नाही. यंत्राला दोष दिला की माणूस सुटतो. दूरदर्शन आले तेव्हा आपण हेच केले. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागे, तेव्हा रस्ते ओस पडतात म्हणून हळहळलो. पुढे केबल आली तेव्हा केबलवर बोललो. प्रत्येक वेळी आपण असे गृहीत धरले, की त्या यंत्रापूर्वी आपल्या घरांत मुलाबाळांशी मोकळ्या, रसाळ गप्पा चालत. माझे वय आता सत्तरीचे आहे. त्या 'पूर्वी'चा मी साक्षीदार आहे. म्हणून सांगतो, की तसे नव्हते.

माझे बालपण वसईच्या एका वाडीत गेले. १९६०च्या दशकातील गोष्ट. रात्री आधी पुरुषमंडळी जेवत, मग आम्ही पोरे, आणि सर्वांत शेवटी, चुलीजवळच, आई आणि काकी. एका पंगतीला सारे घर बसले आहे, असे चित्र मला सणावाराखेरीज आठवत नाही. आम्ही पोरे तोंड उघडले की "आधी जेव, मग बोल" हे ठरलेले. आणि जेवून झाल्यावर "आता झोप" हेही ठरलेले. बोलण्याची ती 'मग' नावाची वेळ कधीच येत नसे.

मग आम्ही मुके का झालो नाही? याचे उत्तर शोधताना मला जे सापडले, ते या लेखाचे खरे कारण आहे. जेवण मुके होते, पण बाकीचा दिवस बोलका होता. संध्याकाळी ओट्यावर विड्याच्या पानांच्या कवळ्या बांधायला बसत, दादरच्या बाजारात जाणारी फुले निवडायला बसत, तेव्हा हात कामात असत आणि तोंडे मोकळी असत. तिथे आजी बोले, काकी बोले, शेजारीण येऊन बोले. आम्ही पोरे पाने मोजून देत असू आणि त्या मोबदल्यात सारे काही ऐकत असू : कुणाच्या लग्नात जेवण कमी पडले, कुठल्या वर्षी खारे पाणी शेतात शिरले, राजेळीची सुकेळी करताना ऊन गेले तर काय करायचे, पणजोबा देवळातल्या भांडणात कुणाच्या बाजूने होते. प्रश्न विचारला तर उत्तर मिळे, कारण काम करणाऱ्या पोराला गप्प बसवणे कुणालाच परवडणारे नव्हते. विहिरीवर, बावखलाच्या काठावर, रहाटापाशी, दर रविवारी मिस्साला चालत जाताना, सगळीकडे मोठ्यांचे बोलणे लहानांच्या कानांवरून वाहत असे. त्या दिवसात जेवणाची वीस मिनिटे गप्प गेली तरी काही बिघडत नव्हते.

आता तो दिवस उरलेला नाही. वाड्या विकल्या गेल्या, पाने-फुले गेली, ओटे गेले आणि त्यांच्या जागी पार्किंग आले. मूल सकाळी सातला शाळेच्या बसमध्ये, दुपारी पाळणाघरात किंवा ट्यूशनला. वडील विरार लोकलला लोंबकळत रात्री पावणेनऊला घरी, आईही नोकरीवरून थकून आलेली, आणि साडेनऊला मुलाला झोपवायचे. हिशेब सरळ आहे. चोवीस तासांत सारे घर एका जागी बसते अशी अर्धा तासाची एकच खिडकी राहिली आहे. आणि तिच्यावर आपण जुन्या दिवसांतला नियम लावतो आहोत : आधी जेव, मग बोल. जो नियम बोलक्या दिवसाला शोभत होता, तो मुक्या दिवसाला लावणे म्हणजे मुलाला घरात राहूनही परका करणे होय.

या नियमाला आपण धर्माचा आधारही देतो. अन्नाचा मान राखावा, देवाने दिलेल्या घासासमोर बडबड करू नये, असे म्हणणारे सज्जन मला भेटले आहेत. काहींना मठातील भोजनशाळेची आठवण येते. ते खरेच आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या अडतिसाव्या प्रकरणात जेवताना मौन पाळण्यास सांगितले आहे. परंतु त्याच प्रकरणात, जेवण चालू असताना एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, असाही दंडक आहे. किंबहुना ते प्रकरण वाचकाविषयीचेच आहे. म्हणजे मठातसुद्धा जेवणाबरोबर शब्द हवाच होता. आपण मौन तेवढे उचलले आणि वाचक सोडून दिला.

आता थोडे मागे, मठाच्याही मागे जाऊ. आपली मिस्सा ज्या भोजनातून जन्मली ते भोजन कोणते? पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार ते वल्हांडणाचे भोजन. त्या भोजनाविषयी निर्गमाच्या बाराव्या अध्यायात मोशे लोकांना काय सांगतो ते पाहण्यासारखे आहे. तुमची मुले तुम्हांला या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा तुम्ही त्यांना अमुक सांगा, असे तो म्हणतो. मुले विचारतील हे त्याने गृहीत धरले आहे. आणि इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नाह या यहुदी ग्रंथात तर दुसरा प्याला भरला की मुलाने बापाला विचारावे, आणि मुलाला तेवढी समज नसेल तर बापाने त्याला विचारायला शिकवावे, अशी व्यवस्था आहे. आजही यहुदी घरांत त्या रात्री घरातील सर्वांत धाकटे मूल प्रश्न विचारते, आणि त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून इस्राएलच्या सुटकेची सारी कहाणी सांगितली जाते. मुलाचा प्रश्न नसेल तर सणाला आरंभच नाही. यहुदी समाजाची घरे, मंदिर, राज्य, सारे काही गेले. शतकानुशतके ते देशोदेशी विखुरले. आणि तरीही त्यांची स्मृती टिकली. त्याचे एक कारण मला या जेवणाच्या रीतीत दिसते.

प्रभूचे शेवटचे भोजन योहानाच्या शुभवर्तमानात पाच अध्याय भरून आहे. एवढे दीर्घ भोजन, आणि त्यात काय चालले आहे? बोलणे! आणि शिष्य गप्प बसून ऐकताहेत असे मुळीच नाही. पेत्र मध्येच अडवतो. थोमा म्हणतो, तुम्ही कुठे जाता हेच आम्हांला ठाऊक नाही, मग वाट कशी ठाऊक असणार? फिलिप म्हणतो, पित्याला दाखवा म्हणजे झाले. इस्कार्योत नसलेला दुसरा यहूदाही एक शंका काढतो. उद्या ज्याला क्रुसावर जायचे आहे तो गुरू या साऱ्या, खरे तर अर्धवट समजलेल्या, प्रश्नांना उत्तरे देत बसतो. थोमाने तो वेडा प्रश्न विचारला नसता, तर प्रभूने स्वतःला मार्ग, सत्य आणि जीवन म्हटलेले ते उत्तर आपल्याला मिळाले असते का? मला तर शंका आहे. आणि बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा तो काय करीत होता, हे लूक सांगतो : गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता. हे त्याला कुठल्या घराने शिकवले असेल? ज्या घरात "आधी जेव" म्हणत असतील, त्या घराने खचित नाही.

इथे कुणी म्हणेल, की आम्ही मुलांशी बोलतोच. शाळेत काय झाले, गृहपाठ केला का, बाईंनी काय म्हटले, सारे विचारतो. हो, विचारता. मीही विचारले. आणि माझे सर्वांत मोठे भांडण याच विचारण्याशी आहे, कारण मौनापेक्षा ते अधिक घातक आहे असे मी अनुभवाने म्हणतो.

अमेरिकेत एलिनोर ऑक्स आणि कॅरोलिन टेलर या दोन विदुषींनी तिथल्या घरांतील रात्रीची जेवणे ध्वनि-चित्रमुद्रित करून अभ्यासली आणि १९९५ मध्ये त्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले, की जेवताना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत बहुधा मूल हे मुख्य पात्र असते, पण गोष्ट काढणारे मूल नसते. "आज काय झाले ते डॅडींना सांग" असे म्हणून आई ती काढते. डॅडी ऐकतात, आणि मग त्यात चूक काय झाली ते काढतात. म्हणजे आई साक्षीदार हजर करते, मूल आरोपी, आणि बाप न्यायाधीश. त्या घरांची चामडी गोरी, भाषा इंग्रजी, जेवण काटा-चमच्याचे. परंतु हे वर्णन वाचताना मला माझे स्वतःचे जेवणघर दिसले. "सांग ना बाबांना, आज बाईंनी काय लिहून दिलं वहीत." आपल्या किती घरांत हे वाक्य रात्री नऊ वाजता उच्चारले जाते! जेवण हे न्यायालय झाले की आरोपी काय करतो? तो कमीत कमी बोलायला शिकतो. "किती?" "अठरा." त्यापुढे एक शब्द नाही. ते मूल घुमे नसते, सावध झालेले असते.

माझा मुलगा चौथीत होता तेव्हाची गोष्ट. मी तेव्हा चर्चगेटला नोकरीला होतो. सहा चाळीसची लोकल पकडायची, रात्री घरी यायचे आणि जेवताना त्याच्या अभ्यासाची झडती घ्यायची, हे मी बापाचे कर्तव्य समजत असे, आणि ते मी निष्ठेने बजावले. त्याचे गुण चांगले असत. तो शांत मुलगा आहे असे मी अभिमानाने सांगत असे. तो तिशीचा झाल्यावर, त्याच्या लग्नाच्या दोन दिवस आधी, मंडप बांधायला आलेल्या एका माणसाला पाहून त्याचा चेहरा बदलला. मी विचारले तेव्हा त्याने सांगितले, की चौथीत वर्षभर तो आणि आणखी दोघे मोठे मुलगे शाळेच्या वाटेवर त्याला अडवीत, डबा काढून घेत, मारीत. वर्षभर! त्या वर्षातल्या प्रत्येक रात्री तो माझ्या शेजारी बसून जेवला होता. "मला का सांगितलं नाहीस?" मी विचारले. तो म्हणाला, "तुम्ही विचारलं असतं, की तू काय केलंस म्हणून त्यांनी मारलं." त्याचे म्हणणे खरे होते. मी तेच विचारले असते.

ज्या वाचकांना जेवताना मुलांशी बोलणे हा केवळ हौसेचा, सुखवस्तू घरांचा विषय वाटत असेल, त्यांच्यासाठी मी हे लिहिले. लहान मुलावर काहीही वाईट प्रसंग येवो, शाळेत, वाटेवर, नात्यातल्या कुणाकडून, अगदी देवळाच्या आवारातसुद्धा, तो प्रसंग सांगायला त्याला आधी शंभर बिनमहत्त्वाच्या गोष्टी सांगण्याची सवय लागलेली असावी लागते. मांजराची गोष्ट ऐकून न घेणाऱ्याला मूल माराची गोष्ट सांगत नाही.

दुसरा मुद्दा भाषेचा, आणि तो काहींना बोचेल. आपली बहुतेक मुले आता इंग्रजी माध्यमात आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पोटाचा प्रश्न आहे आणि मी माझ्या नातवंडांनाही तिथेच जाताना पाहतो आहे. पण शाळेची भाषा आपण जेवणाच्या टेबलावर का आणली? "फिनिश युवर राइस, बेटा." "डोन्ट टॉक, ईट." भात आपला, मासळी आपली, आई कुपारी किंवा वाडवळ, आणि ती आपल्या लेकराशी अशा भाषेत बोलते की जिच्यात तिला स्वतःला चार वाक्यांपलीकडे जाता येत नाही. आज्ञा देता येतात, गोष्ट सांगता येत नाही. आणि शेजारी आजी बसलेली असते. तिची कादोडी, तिच्या म्हणी, तिचे टोमणे, तिचे सारे आयुष्य तिच्या बोलीत आहे. आणि त्या टेबलावर ती पाहुणी. नवरा-बायकोचे भांडण मात्र बोलीत होते, ओरडणेही बोलीत होते. मुलाने यातून काय शिकावे? राग आपल्या भाषेत आणि लाड परक्या भाषेत, असे काहीसे ते शिकत असावे.

मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून आम्ही हे करतो, असे पालक सांगतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हार्वर्डच्या कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टन परिसरातील अल्प उत्पन्नाच्या घरांतील तीन वर्षांच्या मुलांपासून एक दीर्घ अभ्यास आरंभिला. त्या घरांत ध्वनिमुद्रक ठेवून जेवतानाची बोलणी टिपली आणि पुढे ती मुले शाळेत कशी वाचतात, त्यांची शब्दसंपत्ती किती, ते पाहिले. ज्या घरांत जेवताना गोष्टी सांगितल्या जात, एखाद्या गोष्टीचे कारण उलगडून सांगितले जात असे, रोजच्या वापरापलीकडचे शब्द सहज येत असत, त्या घरांतील मुलांना पुढे त्याचा लाभ झालेला दिसला. भात संपव, कोपर खाली घे, या आज्ञांचे तसे नाही. आता सांगा, उलगडून सांगणे आणि गोष्ट रंगवणे आपल्या आईला कुठल्या भाषेत जमणार आहे? ज्या भाषेत ती स्वप्ने पाहते तिच्यात, की पालकसभेसाठी पाठ केलेल्या भाषेत? खारे पाणी शेतात कसे शिरते हे आजीने तिच्या बोलीत समजावले तर पोराला भरती, उधाण, बांध, खाजण हे सारे शब्द अर्थासह मिळतात. इंग्रजी त्यावर नंतर बसेल. रिकाम्या डोक्यावर कुठलीच भाषा बसत नाही.

तिसरा आक्षेप भाविकांचा. आमच्या घरी रोज तेर्स होतो, मग संवाद कसला आणखी हवा? आयर्लंडमध्ये जन्मलेले फादर पॅट्रिक पेटन यांनी १९४२ पासून कौटुंबिक जपमाळेची चळवळ जगभर नेली, आणि एकत्र प्रार्थना करणारे कुटुंब एकत्र राहते हे त्यांचे घोषवाक्य आपल्या घरांच्या भिंतींवरही लागले. त्या चळवळीचे ऋण मी मानतो. माझी आई गुडघ्यांवर बसून म्हणत असलेला तेर्स अजून कानात आहे. पण प्रार्थनेत आपण सारे एकाच दिशेला, देवाकडे, तोंड करून बसतो. एकमेकांकडे तोंड करण्याची जागा जेवणाची आहे. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. तेर्स संपल्यावर "आमेन" म्हणून दूरदर्शन लावणारी घरे मी पाहिली आहेत, आणि तुम्हीही पाहिली आहेत.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ११ नोव्हेंबर २०१५च्या सार्वजनिक भेटीत याच विषयावर बोलताना म्हटले होते, की जे कुटुंब क्वचितच एकत्र जेवते, किंवा जेवताना एकमेकांशी बोलत नाही, ते धड कुटुंबच नव्हे. ती खाणावळीसारखी वसतीची जागा झाली. पुढच्याच वर्षी निघालेल्या 'आमोरिस लेतित्सिया' या बोधपत्रात जेवताना मोबाईलमध्ये गुंतलेल्या घरांचाही उल्लेख आहे. आमच्या मेळाव्यातील व्याख्यात्यांनी मोबाईलचा भाग सांगितला. बोलण्याचा भाग राहून गेला. मोबाईल बंद करणे सोपे आहे, त्याला बटण असते.

उरला थकव्याचा प्रश्न. त्याला मी हसणार नाही. ज्याने चाळीस वर्षे विरार लोकलने प्रवास केला आहे त्याला विचारा, की रात्री नऊ वाजता चार वर्षांच्या मुलाची मांजराची गोष्ट ऐकण्याचे त्राण किती उरते. पण थकलेल्या बापाला झडती घेण्याचे त्राण मात्र उरते, हे कसे? गुण विचारायला, चूक काढायला, "बस सरळ" म्हणायला शक्ती लागत नाही का? थोडे वेगळे करून पाहा. मुलाला विचारण्याआधी स्वतःचे सांगा. आज गाडीत चढता आले नाही, दोन गाड्या सोडल्या. साहेबासमोर माझीच चूक निघाली, कान लाल झाले. भाजीवाल्याने दहा रुपये जास्त परत दिले, मी अर्ध्या वाटेवरून मागे गेलो. बापाची फजिती ऐकताना मूल भाकरी खायचे विसरते, आणि मग आपण होऊन म्हणते, "माझं पण आज तसंच झालं." मी आजोबा झाल्यावर हे शिकलो. फार उशिरा शिकलो. आणि मुलाचे बोलणे सुरू झाले की त्यातले व्याकरण, त्यातली चूक, त्यातला बोध, यांतले काहीही लगेच उचलू नका. बोध करण्याची आपल्या समाजाला अनिवार खाज आहे. निदान भात संपेपर्यंत ती आवरावी.

मोठ्यांच्या गोष्टी मुलांसमोर बोलू नयेत, हे आणखी एक पालुपद. काही गोष्टी खरेच बोलू नयेत. पण या नावाखाली आपण जमिनीचे, पैशाचे, मरणाचे, शेजाऱ्यांशी झालेल्या तंट्याचे सारे बोलणे बंद दाराआड नेतो, आणि मुलांसमोर उरते ते फक्त मीठ कमी की जास्त. मुले मात्र दाराआडचे ऐकतातच, अर्धवट ऐकतात, आणि विचारायची सोय नसल्याने ते अर्धवटच मनात ठेवतात.

गेल्या पावसाळ्यातील एका रात्रीचे सांगतो. टोपली अजून आहे. रुमाल मळला आहे. जेवताना बाहेर पाणी तुंबल्याची चर्चा निघाली आणि माझी पत्नी तिच्या बोलीत म्हणाली, की आपले बावखल बुजवले नसते तर एवढे पाणी अंगणात आले नसते. नातीने मान वर केली. "आजी, आपलं बावखल होतं?" होते. आता जिथे समोरची चार मजली इमारत आहे तिथे. "मग ते बुजवलं तेव्हा त्यातले मासे कुठे गेले?"

माझा मुलगा म्हणाला, "आधी जेव." सवयीनेच म्हणाला.

ते बावखल माझ्या भावांनी आणि मी मिळून, १९९५ साली विकले. सही माझी आहे. या विषयावर आमच्या घरात कधी कुणी बोलत नाही. मी भाकरी खाली ठेवली आणि तिला सांगितले, की आधी पंप लावून पाणी उपसले, दोन दिवस लागले. तळाशी चिखलात मासे तडफडू लागले तेव्हा आळीतली माणसे टोपल्या घेऊन आली. मोठे मासे वाटून घेतले. बारीक तसेच चिखलात राहिले, आणि वर मातीचे ट्रक आले.

"आजोबा, तुम्ही पण खाल्ले?"

"खाल्ले. आपल्या घरी दोन दिवस कालवण होतं."

ती काही बोलली नाही. कुणीच बोलले नाही. मग माझा मुलगा, ताटाकडे बघतच, म्हणाला, "मी दोन नेले होते. दुधाच्या डब्यात घालून. मागच्या विहिरीत सोडले." तो तेव्हा दहा वर्षांचा होता. मला हे ठाऊक नव्हते. त्याच्या आईलाही नव्हते.

"जगले?" नातीने विचारले.

"रोज शाळेतून आलो की वाकून बघायचो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी होते."

मग नातवाने विचारले, की ती विहीर कुठे आहे, आणि आपण उद्या बघायला जायचे का.